खांब वाजवणारे साळवे साहेब

साळवे साहेब मंडईत आले की आधी खांबांना भेटायचे, मग माणसांना. आमच्यापैकी कुणी हात जोडले तर एक बोट वर करून "थांब" म्हणायचे, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायचे, त्यातली पितळी किल्ली खांबावर हलकेच ठोकायचे, कान लावायचे, आणि खांबाची तब्येत ठीक आहे अशी खात्री पटली की मग "हं, बोल" म्हणून आमच्याकडे वळायचे. एकदा मला मलेरिया झाला होता. मी गाळ्यात बसून असा थरथरत होतो की माझ्याबरोबर मिरचीच्या बरण्या नाचत होत्या आणि समोरच्या कोळणीच्या पाटीतले मेलेले बांगडे पोहायला लागले होते. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "थापाडे, खांबाला टेकू नकोस. त्याला हादरे बसतात."

थापाडे हे माझं आडनाव नाही. ते त्यांनी दिलेलं. खरं आडनाव आता बायकोलाच आठवत असेल.

मंडई म्हणजे बदलापूर गावातली जुनी मंडई. आता ती नाही, म्हणून सांगावी लागते. काळ्या दगडाचं जोतं, चारी बाजूंना कमानी, आत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबांच्या दोन रांगा, खांबांवर छपराचा भार तोलणाऱ्या सागवानी कैच्या, कैच्यांवर मंगळुरी कौलं. आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर, बाईने अंबाड्यावर गजरा माळावा तसं एक लहानसं दुसरं छप्पर, उभ्या झिलमिल्यांचं, म्हणजे फटी ठेवून लावलेल्या फळ्यांचं. मंडईतली गरम हवा, घाम, शिव्या आणि मासळीचा वास, सगळं त्या झिलमिल्यांतून वर निघून जायचं. माझा मसाल्याचा गाळा मासळीच्या ओट्यांपासून हाताच्या अंतरावर होता, पण माझ्या हळदीला कधी बोंबलाचा वास लागला नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या सासूला नाकच नव्हतं अशी अफवा होती, तिनेसुद्धा हे मान्य केलं होतं.

ही मंडई कुणी बांधली याच्या माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. पावशेर मसाला घेणाऱ्याला मी छोटी सांगायचो. किलोभर घेणाऱ्याला मोठी. तिच्यात पुण्याकडे निघालेले विलायती खांब उल्हास नदीच्या पुरात वाहून येतात, इथल्या काठाला लागतात, आणि गोरा साहेब वैतागून म्हणतो, "जाऊ दे, इथेच उभे करा." साळवे साहेब मागे उभे राहून शांतपणे ऐकायचे आणि गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, "एकोणिसाव्या शतकाचा शेवट. रेल्वे आल्यावर. तांदूळ, गवत आणि मासळीसाठी. बाकी सगळा पूर तुझ्या तोंडातला."

साहेब राहायचे अंबरनाथला. तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेला, साहेब म्हणून निवृत्त झाले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की हसले तर शेजारच्याने वर पाहावं, कौल तर नाही ना सरकलं. रविवारी मात्र न चुकता मंडईत. मासळी घ्यायची समोरच्या हिराबाई कोळणीकडून, मसाला माझ्याकडून, आणि उरलेला वेळ खांबांकडे.

त्या खांबांची एक गंमत होती. ते पोकळ होते. छपराचं पाणी पन्हळीत, पन्हळीतून खांबाच्या पोटात, आणि खांबाच्या पायाशी एक तोंड होतं, त्यातून खालच्या दगडी गटारात. भिंतीवर एक नळ नाही, एक पाइप नाही. खांब छप्परही धरायचा आणि पाणीही प्यायचा. पावसाळ्यात कान लावला तर आत नदी ऐकू यायची. साहेब नव्या माणसाला हे दाखवायचे तेव्हा त्यांचा आवाज हलका व्हायचा, लोकांचा आपल्या मुलीच्या मार्कांबद्दल बोलताना होतो तसा. "बघ, एका वस्तूने दोन कामं. हल्ली दोन माणसांकडून एक होत नाही."

नारीशेठ आमच्यातला सिंधी. उल्हासनगरहून प्लास्टिकच्या बादल्या, टोप, गाळण्या आणून विकायचा. एकदा त्याने पाटी टांगायला खांबात भोक पाडायचं ठरवलं आणि ड्रिल मशीन घेऊन चढला. साहेब त्या वेळी मंडईच्या दुसऱ्या टोकाला होते. ते तिथून इथे कसे आले हे मी पाहिलं नाही. माझ्या मते मधली हवा दुमडली असावी.

"उतर खाली!"

"साईं, छोटासा होल है. स्क्रू जाएगा बस."

"हे बीड आहे, बीड! लाकूड नाही. काचेसारखं तडकतं. तुझ्या टाळूत पाडू का छोटासा होल?"

"अरे, खंभा है के आपका दामाद?"

"जावयाला मी एवढा जपत नाही," साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं. मुलीच्या लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी जावयाच्या बापाला बाजूला सारून आधी तिथला नक्षीदार खांब वाजवला होता, तो प्लास्टरचा निघाला, आणि साहेबांनी भर पंगतीत जाहीर केलं होतं, "या खांबावर काहीही नाही. हा नुसता उभा आहे." व्याही अजून समजतात की तो टोमणा त्यांच्यावर होता.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: "पाणी कुठं जातं?" कुणी नवीन फ्लॅट घेतला, पेढे आणले, की साहेब पेढा तोंडात टाकून विचारणार, "गच्चीचं पाणी कुठं जातं?" एकदा मी त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात ओढून नेलं. साहेब बौद्ध, देवाला हात जोडायचे नाहीत, पण दगडाला त्यांची ना नव्हती. मी गाभाऱ्यात उतरून डोकं टेकतोय, आणि वर साहेब पुजाऱ्याला विचारतायत, "अभिषेकाचं पाणी कुठं जातं?" पुजारी म्हणाला, "महादेवाकडे." साहेब म्हणाले, "ते झालंच, पण नंतर?" मग ते पुजाऱ्याला घेऊन देवळाच्या मागे गेले. बऱ्याच वेळाने पुजारी एकटाच परत आला, विचारात पडलेला.

इतकं सगळं हसू मला त्यांच्याबद्दल येतं. पण एक गोष्ट त्यांनी मला हसू न येईल अशी सांगितली होती. एका रविवारी त्यांनी मला मंडईच्या बाहेर, पूर्वेच्या अंगाला नेलं. तिथे जोत्याच्या दगडावर वळचणीखाली एका रेषेत लहान लहान खळगे होते. आतल्या पन्हळीत न जाणाऱ्या, कडेच्या कौलांवरून वर्षानुवर्षं ठिबकणाऱ्या पाण्याने पाडलेले.

"ही माझ्या आईची जागा," ते म्हणाले.

त्यांची आई केरसुण्या आणि सुपं विकायची. आत ओटा मिळायचा नाही. कायद्याने नव्हे, तसा कायदा कधीच नव्हता. पण ओटे ज्यांचे होते त्यांचे होते, आणि आईच्या वस्तीतली माणसं बाहेर बसायची. वळचणीच्या आत सरकलं तर आतले ओरडायचे, बाहेर सरकलं तर बैलगाड्या. म्हणून बरोबर पाण्याच्या धारेखाली. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, आईने घरातले देव नदीत सोडले, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा त्याच धारेखाली येऊन बसली. पावसाळाभर तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या असायच्या. "रात्री ती पायांना तेल लावायची," साहेब म्हणाले, "आणि मी तिच्या पायांकडे बघायचो नाही. मंडईच्या छपराकडे बघायचो. एवढं मोठं छप्पर, आणि त्याचं सगळं पाणी नेमकं हिच्यावर कसं पडतं, हे मला काढायचं होतं. त्यातून मी ड्रॉइंग शिकलो."

मी वाकून एका खळग्यात बोट घालून पाहिलं.

साहेब होऊन हातात थोडं वजन आल्यावर त्यांनी या मंडईसाठी एकच काम करून घेतलं. आतली दगडी गटारं पावसात तुंबायची, आणि हिराबाईसकट सगळ्या मासळीवाल्या पोटरीभर पाण्यात उभ्या राहून धंदा करायच्या. साहेबांनी अर्ज केले, माणसं गाठली, काही पैसे खिशातले घातले, आणि जमीन वीतभर उचलून वर गुळगुळीत कोबा करून घेतला. खांबांची वरची तोंडं सिमेंटच्या टोपणांनी बंद केली, छपराचं पाणी बाहेरच्या नव्या पाइपांत वळवलं. खांबांची खालची तोंडं कोब्याखाली गाडली गेली. ती आता लागणारच नव्हती. त्या पावसाळ्यात हिराबाईने आयुष्यात पहिल्यांदा बाजारात चपला घातल्या. तिने साहेबांना एक अख्खा हलवा मासा फुकट दिला आणि साहेबांनी तो घेतला. साहेबांनी फुकट घेतलेली ती माझ्या माहितीतली एकच वस्तू.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. बाहेरचे पाइप फुटले, काहींत कबुतरांनी घरटी केली, काही भंगारवाल्यांना सापडले. त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोबा कोरडा होता, म्हणून साहेबांनीही खांबांना किल्ली लावणं हळूहळू सोडलं होतं.

मग एका श्रावणात खांबातून कुंकू आलं.

हिराबाईच्या ओट्याजवळच्या खांबावर, कमरेएवढ्या उंचीवर, केसासारखी रेघ होती. सकाळी त्यातून लाल पाणी पाझरताना दिसलं. दुपारपर्यंत खांबाला हळद लागली, हार पडला, नारळ फुटले. कल्याणपासून बायका आल्या. देवी रडतेय, देवीला पाळी आलीय, देवी कोपलीय, ज्याला जे सुचेल ते. मी त्यात माझीही भर घातली, खोटं कशाला बोलू; संध्याकाळी शहाडचे लोक मलाच माझी गोष्ट वाढवून सांगत होते. नारीशेठने उदबत्त्या ठेवायला सुरुवात केली.

रविवारी साहेब आले. गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेले. बोटाने ते लाल पाणी पुसलं, वास घेतला. किल्ली काढली आणि ठोकली.

तो आवाज मी पूर्वी वर्षानुवर्षं ऐकला होता. घंटेचा लांबचा भाऊ असावा तसा, वाजून वर जाणारा. त्या दिवशी खांब वाजलाच नाही. भरल्या माठावर टिचकी मारावी तसा ठप्प.

"सायेब, देवी रडतेय नि तुमी तिला किल्लीनं काय बडवताव?" हिराबाई म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दुसऱ्या खांबाकडे गेले. ठप्प. तिसऱ्याकडे. ठप्प. दोन्ही रांगा संपवून परत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "नारीशेठचं ड्रिल आण."

ज्या माणसाने एका स्क्रूसाठी आकाशपाताळ एक केलं होतं, तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने, सावकाश, खांबाच्या पायात भोक पाडलं. बायका ओरडल्या. एकीने त्यांच्या पाठीवर नारळ मारला. भोक आरपार गेलं आणि पाणी आलं. इथे मी एरवी सांगितलं असतं की फवारा झिलमिल्यांपर्यंत उडाला. नाही उडाला. काळं पाणी गुडघ्याएवढं उडून थोडं पुढे पडलं, मग खाली लोळलं, आणि येत राहिलं. त्याला मेलेल्या जनावराचा वास होता. त्यातून पिसं आली, गंजाचे पापुद्रे आले. बायकांनी हळूहळू हार काढून घेतले.

साहेब कोब्यावर बसून राहिले. पॅण्ट भिजत होती. वरची टोपणं तडकली होती, बाहेरचे पाइप गेले होते, पाण्याने आपली जुनी वाट धरली होती, आणि खालचं तोंड बंद होतं. प्रत्येक खांब वरपासून खालपर्यंत पाण्याने भरून वर्षानुवर्षं उभा होता, आतून सडत. सगळ्या जगाला विचारलेला प्रश्न त्यांचा स्वतःला एकदाच विचारायचा राहिला होता.

पालिकेकडून एक तरुण इंजिनिअर आला. मुलगा चांगला होता. साहेबांच्या पाया पडला. म्हणाला, "सर, ही मंडई तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही. टेकू लावून दोन-तीन वर्षं निघतील असं तुम्ही म्हणालात तर मी तसंच वर कळवतो. तोवर यांची दुसरी सोय होईल. नाही म्हणालात तर लगेच खाली करावी लागेल, आणि सोय..." दुसरी सोय म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. रस्ता.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "टेकू लावून चालेल म्हणा. कशाला या बायकांच्या पोटावर पाय? आणि नाहीच म्हणायचं असेल, तर वय झालं म्हणा. शंभराच्या वर वय आहे, लोक मानतील. तुमच्या कोब्याचं कशाला काढता?"

"हा म्हातारा नाही झाला, थापाडे," ते म्हणाले. "म्हातारा झाला असता तर अजून शंभर वर्षं उभा राहिला असता. हा बुडाला."

मग ते हिराबाईच्या ओट्यावर चढले. बुटांसकट. एरवी तिने पाय तोडला असता. सगळी मंडई गोळा झाली. साहेबांना भाषण येत नसे. ते खालच्या गर्दीकडे न बघता वर कैच्यांकडे बघत बोलले.

"खांब गेलेत. एक बसला तर छप्पर येईल. कधी ते मला सांगता येणार नाही, पण येईल. उद्यापासून आत कुणी बसायचं नाही." मग खांबांकडे पाहिलं. "लोखंडाचा दोष नाही. ज्यांनी बांधलं त्यांचाही नाही. त्यांनी पाण्याला वाट ठेवली होती. ती मी बंद केली."

मंडईतली मांजरंसुद्धा मासळीची डोकी खाताना थांबली.

हिराबाई पुढे आली. तिच्या हातात कोयती होती, पण ती असायचीच.

"सायेब, तुमच्या आयेला या आतल्यांनी भायेर बसवलंन. त्याचा सूड आमच्यावर काढला कं?"

मला वाटलं, आता साहेब सांगतील. की तुझ्या पायांसाठी केलं, तुझ्या चिखल्यांसाठी केलं. ते ओट्यावरून उतरले, रुमालाने बुटांची माती ओट्यावरून पुसली, आणि एवढंच म्हणाले, "नाही, हिराबाई."

दुसऱ्या दिवशी मंडई खाली झाली. मासळीवाल्या रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या बांधून बसल्या. कुणाला गटाराकाठची जागा मिळाली, कुणाला रिक्षा स्टँडची. दोघी परत गावी गेल्या. मी नातेवाइकाच्या दुकानात अर्धं फळकूट मिळवलं, तिथे आता माझ्या हळदीला साबणाचा वास लागतो.

आणि मंडई पडली नाही.

तो पावसाळा गेला, वारं आलं, एकदा शेजारची नवी कंपाउंडची भिंत झोपली, पण मंडई तशीच उभी. रोज सकाळी बायका ताडपत्रीखालून तिच्याकडे बघायच्या आणि मग थुंकायच्या. लोक बोलायला लागले. साळव्याने बिल्डरकडून खाल्ले. साळव्याने जुना हिशेब चुकता केला. "त्यांना" आपलं चांगलं बघवतच नाही, असंही बोलले. मोठ्याने नाही, पण साहेबांना ऐकू जाईल इतपत.

शेवटी मशीन आलं आणि तिला पाडलं. मी तिथेच होतो. कैच्या उतरल्या, मग खांब आडवे केले आणि गॅसकटरने कापले. मी एक तुकडा हातात घेतला. एका बाजूला बीड दोन बोटं जाड, आणि दुसऱ्या बाजूला, जिकडे कोब्याचा उतार होता तिकडे, उडदाच्या पापडाएवढं. मी अंगठ्याने दाबलं आणि ते मोडलं. शपथेवर सांगतो, अंगठ्याने.

मी धावत हिराबाईकडे गेलो. "आक्का, पापड झाला होता त्याचा पापड! मी अंगठ्यानं मोडला! छप्पर तुझ्या डोक्यावर आलं असतं!"

हिराबाई बांगडे मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन तो खांब नदीतून पोहत आला व्हता, नाय?"

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी ज्याला त्याला सांगितलं. नारीशेठला सांगितलं, रिक्षावाल्यांना सांगितलं. प्रत्येक जण मसाला न घेता गोष्ट फुकट मिळाल्यासारखा खूश होऊन जायचा. तुकडा दाखवायला आणायला गेलो तोवर भंगाराचा ट्रक निघून गेला होता. साहेबांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "राहू दे. तिला राग धरायला कुणीतरी पाहिजे. छपराचा राग धरून काय करेल?"

ते पुढे मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एका रविवारी. मी फळकुटावर बसलो होतो, समोर हिराबाईची ताडपत्री. साहेब पिशवी घेऊन तिच्यासमोर उभे होते. अंबरनाथहून येताना वाटेत तीन मासळीबाजार लागतात, पण ते इथेच यायचे. त्यांच्या मागून एक बाई आली, हिराबाईने तिला कोळंबी दिली. एक पोलीस आला, त्याला सुरमई कापून दिली. एक जोडपं आलं, त्यांच्याशी घासाघीस केली, हसली. साहेब दर वेळी अर्धं पाऊल बाजूला सरकत होते आणि परत आपल्या जागी येत होते. काही मागत नव्हते. जाड भिंगांच्या चष्म्यातून पाटीकडे बघत होते.

पाटीत शेवटचा एक हलवा उरला. मागे कुणी नव्हतं.

हिराबाईने तो उचलला, बर्फावर उलटा केला, सुलटा केला. मग वर ओलं गोणपाट टाकलं, चौबाजूंनी दाबून बसवलं, आणि तोंड फिरवून कोयती धुवायला बसली.

साहेबांनी पिशवीची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा, अगदी लहान होईपर्यंत. ती खिशात पेनांच्या मागे ठेवली आणि तिच्या पाठीला म्हणाले, "बरं, हिराबाई. पुढल्या रविवारी येतो."